मे महिन्यातली खोली जुलैच्या डोळ्यांनी बघा : बेळगावात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

मे महिन्यात बेळगावात खोली बघायला येणाऱ्या पोराला बघितलेली प्रत्येक खोली आवडते. भिंती कोरड्या असतात, मालकाने नुकताच रंग मारलेला असतो, आणि संध्याकाळी टिळकवाडीत वारा सुटला की बरोबर आलेले वडीलसुद्धा म्हणतात, "हवा बरी आहे की." तिथेच डिपॉझिट देऊन मंडळी संध्याकाळच्या गाडीने गावाला परततात. मग जून उजाडतो, पाऊस धरतो, आणि गणपतीपर्यंत त्या नव्या रंगातून हिरवी बुरशी वर येते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातून इथे शिकायला आलो आणि तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. त्यातल्या तीन मे महिन्यात बघितलेल्या होत्या. आता दरवर्षी गावाकडून कुणाचा तरी फोन येतो, "पोराला बेळगावात खोली बघायची आहे," आणि मी तीच ती उत्तरं देत बसतो. ती इथे एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी भाग, मग खोली

बेळगाव तसं लहान शहर, पण कॉलेजं चार दिशांना आहेत. गोगटे इन्स्टिट्यूट आणि शेषगिरी कॉलेज उद्यमबागेत. तिथे शिकणाऱ्यांनी अनगोळ, भाग्यनगर, पिरनवाडी या बाजूला बघावं. आरपीडी आणि लॉ कॉलेजवाल्यांना टिळकवाडी-हिंदवाडी सोयीची. जेएनएमसी नेहरूनगरात असल्यामुळे मेडिकलची मुलं सदाशिवनगर-शिवबसवनगरच्या आसपास राहतात. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, मच्छेला, खानापूर रस्त्यावर. राणी चन्नम्मा विद्यापीठ मात्र भूतरामनहट्टीला, पुणे-बेंगळूर महामार्गावर, शहराच्या पार बाहेर. तिथे प्रवेश घेऊन अनगोळात खोली करणारा माझा एक दोस्त रोज शहर आरपार ओलांडायचा. दिवाळीनंतर विद्यापीठाच्या वाटेवरच्या काकतीला राहायला गेला आणि म्हणाला, आता कुठे झोप पुरी होते.

शहापूर आणि वडगावात भाडी जरा आवाक्यात असतात, शेजार मराठी असतो, गल्लीत चार घरं आपुलकीने विचारपूस करतात. पण हा विणकरांचा भाग. पलीकडच्या घरात यंत्रमाग असेल तर त्याचा खडखडाट भिंतीतून सरळ उशीत येतो. सवय होते म्हणणारे खूप भेटतात. मला सहा महिने झाली नाही. असल्या भागात खोली सुट्टीच्या दिवशी बघू नका, माग चालू असताना बघा.

भाग ठरला की सकाळी कॉलेजच्या वेळेला एकदा तो रस्ता चालून किंवा बसने करून बघा. टिळकवाडीतली रेल्वे गेटं नकाशात दिसतात, त्यांच्यापुढे थांबलेल्या गाड्यांची रांग दिसत नाही. गाडीच्या वेळेला गेट पडलं की पहिला तास गेलाच समजा.

शोधायची कशी

मोबाइलवर शोधायला हरकत नाही, पण बेळगावातल्या चांगल्या खोल्या अजूनही तोंडी जातात. कॉलेजच्या पोरांची झेरॉक्स काढणारा दुकानदार, जवळचा किराणावाला, डबा देणाऱ्या मावशी, या तिघांना विचारा. यांना कुठली खोली रिकामी होतेय हे मालकाच्या आधी कळतं. 'तरुण भारत'मधल्या छोट्या जाहिराती अजून कामाच्या आहेत. आणि गल्लीतून फिरताना गेटवरच्या पाट्या बघा. बऱ्याच कन्नडमध्ये असतात: 'मने बाडिगेगे इदे', म्हणजे घर भाड्याने देणे आहे. लिपी येत नसेल तर एकदा कुणाकडून ती ओळ वाचून घ्या आणि तिचा आकार डोळ्यांत बसवा. मराठी मुलं या पाटीखालून सरळ निघून जातात आणि म्हणतात खोल्याच नाहीत.

एक फसवणूक इथे जास्तच सहज खपते, म्हणून सावध करतो. ऑनलाइन जाहिरातीत छान फ्लॅटचे फोटो असतात, भाडं कमी असतं, आणि समोरचा म्हणतो, "मी आर्मीत आहे, बदली झाली, घर बघायला चावी पाठवतो, आधी टोकन टाका." देशभर हीच युक्ती चालते, पण बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव. कॅम्पात रोज गणवेश दिसतो, त्यामुळे इथे शंकाच येत नाही. फौजेचं ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवणारा मालक हा मालक नसतो. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही टाकायचा नाही. आणि पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. चुकून गेलेच तर तासाभराच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करा. जेवढा उशीर, तेवढी रक्कम पुढे सरकत जाते.

खोली बघताना

वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मे महिन्यात बेळगावात वळवाच्या दोन-चार सरी होतातच. त्या सरीने जे उघडं पाडलं असेल ते मालकाला चोवीस तासांत झाकता येत नाही. खिडकीच्या खालची भिंत, स्लॅब आणि भिंतीचा कोपरा, संडासाची मागची बाजू, या तीन जागी तळहात टेकवून उभे राहा. डोळ्याला कोरडी दिसणारी भिंत हाताला गार आणि जड लागते. कपाट असेल तर उघडून आत नाक घाला. दमटपणाचा वास रंगाने जात नाही. वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन पाणी कुठे साचलंय ते बघा. कौलारू घर असेल तर दिवसा दिवा बंद करून वर बघा, जिथून उजेड येतो तिथून पाऊसही येणार.

आता पाणी. याच्यावर जरा थांबतो, कारण बेळगावात खोली चांगली की वाईट हे शेवटी पाणी ठरवतं.

शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना आहे, बाकीच्या ठिकाणी काही दिवसांआड नळ सुटतो. मेअखेरीस राकसकोपची पातळी खाली गेली की दोन पाण्यांमधलं अंतर आणखी वाढतं. त्यामुळे "पाणी आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी. त्याला प्रत्येक मालक "भरपूर" असंच म्हणतो. विचारायचं असं: नळ किती दिवसांनी सुटतो, किती वाजता सुटतो, खालची टाकी केवढी, वरची केवढी, मोटर कोण चालू करतं, बोअर किंवा विहीर आहे का, आणि टँकर मागवायची वेळ आली तर पैसे कोणाचे.

हिंदवाडीतल्या माझ्या दुसऱ्या खोलीची मालकीण, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, नळ सुटायच्या दिवशी पहाटे चार वाजता जिन्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायच्या आणि दारावर दोन थापा मारायच्या. "पोरांनो, पाणी आलंय की, उठा." आम्ही डोळे चोळत दोन पिंपं, चार बादल्या आणि कुकरसुद्धा भरून ठेवायचो. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही उठलो नाही. पुढचे चार दिवस तिघांनी मिळून मागच्या विहिरीचं पाणी शेंदलं. पण त्या घरात विहीर होती, म्हणून निभावलं. जुन्या बेळगावात बऱ्याच घरांच्या परसात विहीर असते, आणि पाण्याच्या वेळी ती सोन्यासारखी असते. खोली बघताना परसात डोकवायला विसरू नका. विहिरीचं पाणी वापरायला, प्यायला मात्र उकळून.

शक्य असेल तर नळ सुटायच्या दिवशीच खोली बघायला जा. वरच्या मजल्यावरच्या नळाला धार किती येते ते बादली लावून मोजा. आणि आता राहणाऱ्या किंवा शेजारच्या भाडेकरूला, मालक जवळ नसताना, एवढंच विचारा: "उन्हाळ्यात टँकर किती वेळा आला?"

बाकीचं पटापट. मोबाइलला रेंज येते का, दार आतून नीट लागतं का, खिडकीला जाळी आहे का, संडास स्वतंत्र की सामायिक. मुलींनी बाहेरच्या जिन्याला दिवा आहे का आणि मुख्य दार रात्री किती वाजता बंद होतं हे बघावं. गेटची वेळ मालक सांगतील ती ऐकून घ्या, पण लायब्ररी आणि प्रॅक्टिकल किती वाजेपर्यंत चालतं ते आधीच सांगून ठेवा, नंतर वाद नको.

आणखी एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल: मांस-मच्छी खाता का? काही ठिकाणी जातही विचारतील. मला हे पटत नाही, पण होतं हे खरं. खाणारे असाल तर तसं सरळ सांगा. खोटं बोलून घेतलेल्या खोलीत रविवारी खिडक्या लावून अंडी उकडत बसायची वेळ येते, आणि वास काही खिडकीचं ऐकत नाही.

पैसे आणि कागद

समोरचा खरंच मालक आहे का, हे आधी बघा. हेस्कॉमचं वीजबिल किंवा महापालिकेच्या घरपट्टीची पावती दाखवा म्हणा. नाव जुळत नसेल तर कसं, ते विचारा. वडिलांच्या नावावर घर असणं चालतं, पण "मीच सगळं बघतो" म्हणणारा मधला माणूस चालत नाही. दलाल असेल तर त्याची दलाली खोली बघायच्या आधी ठरवा.

इथे तीन शब्द कानावर येतील. 'भाडं' कळतं. 'ॲडव्हान्स' म्हणजे डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं नव्हे. यात गोंधळ होऊन वडिलांनी एकच रक्कम आणलेली असते. तिसरा शब्द 'लीज', कन्नडमध्ये 'भोग्य'. यात मोठी रक्कम एकदम मालकाला द्यायची, महिन्याचं भाडं नाही, आणि मुदत संपल्यावर रक्कम परत. नोकरीवाल्या कुटुंबाला हे परवडत असेल. विद्यार्थ्याने यात पडू नये, कारण मालकाकडे परत द्यायला पैसे नसले तर तुमच्या हातात फक्त कागद राहतो.

करार अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून सगळे अकरावर थांबतात. करार बहुधा कन्नडमध्ये असतो आणि इथेच आपली मुलं लाजून सही करून मोकळी होतात. लाजू नका. फोटो काढून घ्या, कन्नड वाचणाऱ्या मित्राला दाखवा, एक दिवस मागून घ्या. सहीची घाई करणारा मालक पुढे कशाचीही घाई करतो. कागदावर या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: डिपॉझिटची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, भाड्याची तारीख, वीज आणि पाण्याचे पैसे कोणी द्यायचे, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, अकरा महिन्यांनंतर भाडं कितीने वाढणार, आणि रंगकाम.

हे रंगकाम म्हणजे नाजूक जागा. खोली सोडताना रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधून रक्कम कापायची पद्धत कर्नाटकात सर्रास आहे, कधी कधी पूर्ण महिन्याचं भाडं. माझ्या तिसऱ्या खोलीत गच्चीच्या गळतीने भिंत काळी झाली होती. मी वर्षभर सांगत होतो, मालक बघू-बघू करत होते. सोडताना त्यांनी त्याच भिंतीसाठी माझे पैसे कापले. माझ्याकडे राहायला आलेल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून सांगतो: सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, नळ, खिडकीची काच, वीज मीटरचा आकडा, आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. वर एवढंच लिहा, "काका, आज चावी घेतली, खोलीची स्थिती अशी आहे." त्यात भांडण काही नाही, तारीख मात्र नोंदली जाते.

डिपॉझिट आणि भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोखच हवं म्हणाले तर वहीच्या पानावर का होईना, सही घ्या.

वीजबिल

ऑगस्ट 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. घरगुती वापराला 200 युनिटपर्यंत वीज मोफत, पण सगळ्यांना सरसकट 200 नाहीत. त्या मीटरच्या मागच्या वापराच्या सरासरीवर थोडी वाढ धरून कोटा ठरतो. कोट्यापेक्षा जास्त, पण 200 च्या आत वापरलं तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. 200 ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं. भाडेकरूलाही ही योजना घेता येते. बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आधारशी जोडावा लागतो. आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते आधी काढून घ्यावं लागतं.

आता व्यवहाराची गोष्ट. बऱ्याच घरांत मालकाचा आणि भाडेकरूंचा मीटर एकच असतो आणि खोलीला आतून सबमीटर बसवलेला असतो. अशा ठिकाणी तुमच्याकडून युनिटचा दर घेतला जातो. घ्यायला हरकत नाही, पण घराचं मूळ बिल किती आलं ते दर महिन्याला बघायला मागा. बिल शून्य आणि तुमच्याकडून वसुली चालू, असं असेल तर सौम्य शब्दांत विषय काढा. खोली घेतानाच "स्वतंत्र मीटर आहे का?" विचारलेलं सगळ्यांत बरं.

वीज खाते ती आंघोळ. दीड किलोवॉटचा पाण्यात सोडायचा रॉड अर्धा तास लावला की पाऊण युनिट जळतं. तिघांची रोज आंघोळ धरा, महिन्याला 67 युनिट नुसत्या गरम पाण्याचे. पंखा आणि एलईडी दिव्याने बिल वाढत नाही, त्यावरून रूममेटशी भांडू नका. पाणी तापलं की आधी रॉडचं बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मगच पाण्यात बोट घालायचं. प्लास्टिकच्या बादलीला रॉड टेकू द्यायचा नाही.

गॅस गीझर असलेली खोली असेल तर बाथरूमला बाहेर उघडणारी खिडकी किंवा झडप आहे का ते बघा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आवाज न करता कोसळतो. झडप नसेल तर बादली बाहेर भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग आत जायचं. जुन्या घरात अजून तांब्याचा बंब असतो. तो मिळाला तर नशीबवान आहात, फक्त धुराची सवय करा.

लाईट गेली तर 1912 वर तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीसाठीची वीजबंदी बहुधा आदल्या दिवशी पेपरात येते. सबमिशन असेल त्या आठवड्यात ती बातमी वाचत जा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर तुमचा खरा शत्रू पाणी नसतं, दमट हवा असते. कपडे तीन दिवस वाळत नाहीत. चपला, बेल्ट, दप्तर यांवर पांढरी लव चढते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. गादी जमिनीवर टाकत असाल तर सकाळी उठून उभी करा. जमिनीवरच राहिली तर आठवड्यात खालून ओली होते, आणि ते कळतं पाठ धरल्यावर. खोलीत दोरी पंख्याच्या खाली आडवी बांधा, कपडे रात्री पंख्यावर वाळवा. जाड जीन्स पावसाळ्यात गावाकडेच ठेवा.

मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ॲडमिशनची पावती, हे सगळं झाकण लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात. माझ्या बारावीच्या मार्कशीटला अजून कोपऱ्यात तपकिरी डाग आहे.

पाणी साठवायला पिंप लागतंच, आणि पिंपात डेंगीचा डास होतो. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पिंपाला घट्ट झाकण किंवा फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर मेसच्या मावशींचा काढा पुरे करून जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरकडे जा. रुग्णवाहिकेला 108, बाकी कुठल्याही संकटाला 112.

जेवण

पहिला महिना डबा लावा, स्वयंपाकाच्या भानगडीत पडू नका. पण महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी चार दिवस रोजच्या हिशेबाने खाऊन बघा. पहिल्या दिवशीची भाजी सगळीकडेच चांगली असते, चौथ्या दिवशीची आमटी बघायची. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, तेही विचारा.

रविवार संध्याकाळसाठी एक सोय आहे. बाजारात ज्वारीची कडक भाकरी मिळते. ती कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगा चटणी आणि दही आणलं की जेवण झालं. भाकरीवर पाण्याचा हलका हबका मारून दोन मिनिटं झाकून ठेवली की मऊ होते. परीक्षेच्या काळात मी आठवडाभर यावर काढलाय आणि घरी कळू दिलं नाही.

स्वतः करायचं ठरलं तर गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. काळ्या बाजारातून भरून घेतलेली टाकी वापरू नका. झोपताना रेग्युलेटर बंद. गॅसचा वास आला तर आधी खिडकी उघडायची, दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, मग 1906 वर फोन.

भाजी गणपत गल्लीत, किराणा तिघा-चौघांत मिळून रविवार पेठेतून. पावसाळ्यात रवा आणि पोहे आणल्या दिवशीच कोरडे भाजून ठेवा, पीठ दोन किलोपेक्षा जास्त दळू नका, नाहीतर किड्यांबरोबर भागीदारी होते. तांदूळ मात्र इथला घ्या. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती एकदा खाल्ला की गावाकडचा डबा विसराल. रोज परवडणारा नाही, सणावारी आणा.

रूममेटशी हिशेब ठेवायला ॲप असतात. मला दाराच्या मागे दोरीने बांधलेली वही बरी वाटते. ज्याने आणलं त्याने लिहायचं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी बेरीज. आठवड्यापेक्षा जुना, न लिहिलेला खर्च धरायचा नाही, एवढा एक नियम पहिल्या दिवशी ठरवा.

भाषा, बस आणि बंद

बेळगावच्या बाजारपेठेत मराठीवर निभतं. पण हेस्कॉमचा माणूस, बसचा वाहक, कन्नड घरमालकीण यांच्याशी दोन वाक्यं आली की काम लवकर होतं. इथली कन्नड पुस्तकी नाही, म्हणून कानाने शिका. 'मनी बाडिगी एष्टु री?' घरभाडं किती हो? 'नीर याव्हाग बर्ताव री?' पाणी कधी येतं? 'स्वल्प कडिमी माड्री', जरा कमी करा. शेवटचा 'री' सोडू नका, तो म्हणजे आपला 'हो' किंवा 'जी'. त्याच्याशिवाय वाक्य उद्धट वाटतं. 'आम्याले कोडतीन री', नंतर देतो हो, हे वाक्य मात्र शिकू नका. सवय लागते.

विद्यार्थी बसपाससाठी कर्नाटकच्या सेवासिंधू पोर्टलवर अर्ज करावा लागतो. गर्दी व्हायच्या आत करा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांना. चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून आलेल्या मुलींच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो, तेव्हा त्यांनी तिकीट किंवा पास धरूनच खर्च मांडावा. पहिल्या दिवशी वाहकाशी वाद घालून उपयोग नाही. एमएच-09 ची दुचाकी आणत असाल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स गाडीतच ठेवा. परराज्यातली गाडी सलग बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथे नोंदणी करावी लागते.

या शहराचं एक वेगळं कॅलेंडर आहे. 1 नोव्हेंबरला इथे एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, चन्नम्मा सर्कलला मुंगी शिरायला जागा नसते, आणि दुसरीकडे मराठी माणसं काळा दिन पाळतात. आदल्या दिवशीच भाजी, औषध, रिचार्ज उरकून घ्या आणि त्या दिवशी खोलीत अभ्यास करा. इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉज भरून जातात, मोर्चांमुळे रस्ते वळवले जातात. आईवडिलांना त्या आठवड्यात बोलवू नका. शिवजयंती इथे तिथीने, वैशाखात होते. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि नेमका तो परीक्षेचा हंगाम. शहराच्या मध्यभागी खोली असेल तर ती रात्र मित्राकडे काढा, किंवा सरळ मिरवणूक बघा. मी दुसरं केलं होतं.

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. अशा वेळी चंदगडकडच्यांनी हिंडलगामार्गे बाचीपर्यंत वडाप, म्हणजे शेअरची जीप, करावं. शिनोळी पुढ्यातच, तिथून महाराष्ट्राची एसटी बघावी. खोलीत दोन दिवसांचा शिधा आणि थोडी रोकड कायम असू द्या. मालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या दारात या विषयावर वाद मात्र घालू नका. तुमचा मुद्दा बरोबर असला तरी नळाचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात आहे.

सोडताना

करारात असेल तेवढे दिवस आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. "शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या" हे दोघांनाही सोपं वाटतं, पण मग शेवटच्या दिवशी हिशेब कुठलाच जुळत नाही, म्हणून मालकांची लेखी हो मिळाल्याशिवाय ते करू नका. खिळे काढा, भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा, संडास घासा. गृहज्योतीला तुमचं आधार जोडलेलं असेल तर ते काढून घ्या, नाहीतर पुढच्या खोलीत अडेल. मग मालकांना बरोबर घेऊन मीटरचा आकडा वाचा आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ त्यांच्यासमोरच उघडा.

चावी डिपॉझिट खात्यात आल्याचा मेसेज वाजल्यावर द्यायची. अक्कांच्या खोलीत मात्र मी चावी आधी दिली होती. त्यांनी मोजून पैसे हातावर ठेवले, कुंद्याचा एक डबा दिला आणि विचारलं, "पुढच्या खोलीत पाणी कधी सुटतंय, विचारलास काय?"